स्मजिंगचे बोलावणे आले तर: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कॅनडात २१ जून (राष्ट्रीय मूलनिवासी दिन) किंवा ३० सप्टेंबर (सत्य आणि सलोखा दिन) जवळ आला की विनिपेग, एडमंटन, रेजायना, टोरांटोतल्या ऑफिसांतून आणि शाळांतून मेल येऊ लागतात: सकाळी एल्डरांच्या हस्ते स्मजिंग होईल, इच्छुकांनी यावे. स्मजिंग हा तिथल्या मूलनिवासींचा धुराने शुद्ध होण्याचा विधी, आणि एल्डर म्हणजे त्यांच्यातली जाणती, मान्यवर व्यक्ती. आपली माणसे आपुलकीने जातात, आणि तिथे धुपारती समजून वागतात. धूर करायच्या शिंपल्यात दक्षिणेचे नाणे टाकतात, निखारा मंदावला की फुंकर घालतात, एल्डरांच्या पाया पडतात, मध्येच फोन काढतात. तोंडावर कुणी टोकत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीही तेच होते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: पाहुणा म्हणून वर्तुळात उभा राहणारा, आणि ऑफिस, शाळा किंवा मंडळाच्या वतीने व्यवस्था पाहणारा. विधी स्वतः चालवायला शिकवण्यासाठी तो नाही. तो अधिकार एल्डरांकडून शिकून, त्यांनी दिल्यावरच मिळतो. लेख वाचून किंवा दुकानातले किट आणून तो येत नाही.

टप्पा १: मुलूख कुणाचा ते आधी विचारा

स्मजिंग म्हणजे वाळवलेल्या औषधी वनस्पतींचा धूर अंगावरून घेऊन मन आणि जागा शुद्ध करणे. अनिशिनाबे, क्री, डकोटा, लकोटा, ब्लॅकफूट अशा अनेक लोकांत ही प्रथा आहे, पण प्रत्येकाची रीत वेगळी. ब्लॅकफूट परंपरेत निखाऱ्यावर स्वीटग्रास (सुगंधी गवत) किंवा स्वीटपाइन घालतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या अनेक समाजांत सीडरच्या डहाळीने अंगावरून झाडणे आणि पाणी यांना जास्त महत्त्व आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांत तर ही प्रथा परंपरेने नाहीच. ते चरबीच्या तेलावर जळणारा दगडी दिवा, कुल्लिक, लावतात. इनुइट एल्डरांना बोलावून त्यांच्यापुढे सेजचा (धुरासाठी जाळायच्या सुगंधी पाल्याचा) शिंपला ठेवणे ही आयोजकांची नेहमीची आणि टाळता येण्याजोगी चूक.

म्हणून पहिला फोन जवळच्या फ्रेंडशिप सेंटरला (शहरातल्या मूलनिवासींसाठीच्या केंद्राला), विद्यापीठाच्या मूलनिवासी विद्यार्थी केंद्राला किंवा कंपनीतल्या संबंधित विभागाला करा. तीन गोष्टी विचारा: एल्डर कोणत्या नेशनच्या, म्हणजे कोणत्या मूलनिवासी समाजाच्या आहेत, विधी त्या स्वतः चालवतील की मदतनीस, आणि विनंती करताना काय द्यायची रीत आहे.

शब्दही इथेच नीट करून घ्या. मराठीत सहज निघणारा ‘रेड इंडियन’ हा शब्द तिथे अपमान आहे. फर्स्ट नेशन्स, मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज), इनुइट हे तीन वेगळे समूह आहेत, आणि नेशनचे नेमके नाव माहीत असेल तर तेच घ्यावे. ‘आम्हीपण इंडियनच’ हा विनोद करू नये. कॅनडाच्या कायद्याने ‘इंडियन’ ठरवूनच या लोकांचे विधी बंद पाडले होते, आणि ती बंदी १९५१ मध्ये कायद्यातून वगळली गेली. वर्तुळात बसलेल्या कुणाच्या तरी आजीने तो काळ पाहिलेला असू शकतो.

*एल्डर म्हणजे नुसते वयाने मोठे नव्हे. समाजाने ज्ञानासाठी मानलेली ती व्यक्ती असते. वय पन्नासचेही असू शकते. हाक कशी मारायची ते विचारून घ्या.*

टप्पा २: तंबाखू आधी, विनंती नंतर

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण आपल्याकडे आमंत्रण आधी आणि दक्षिणा शेवटी. प्रेअरी प्रांतांत (मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा) आणि ओंटारिओच्या अनिशिनाबे मुलखात क्रम उलटा आहे. तंबाखू हातात घेऊन विनंती करायची. एल्डरांनी ती स्वीकारली म्हणजे विनंती स्वीकारली. आधी मेलवर तारीख पक्की केली, कार्यक्रमपत्रिका छापली आणि त्या दिवशी दारात तंबाखू पुढे केली, तर ‘नाही’ म्हणायची मुभाच तुम्ही काढून घेतलेली असते.

काय आणि किती:

१. सुट्ट्या तंबाखूचे छोटे पाकीट, कुठलाही स्वाद न घातलेले. किंवा तळहाताएवढा, साधारण १० ते १५ सेंटीमीटरचा सुती कापडाचा चौकोन घ्या, त्यात चमचाभर तंबाखू ठेवा आणि पुरचुंडी करून सुती दोऱ्याने किंवा फितीने बांधा. चुना-तंबाखूची डबी, गुटखा, जर्दा चालत नाही.

२. कापडाचा रंग बहुधा लाल असतो, पण रंगांचा अर्थ नेशनप्रमाणे बदलतो. टप्पा १ मधल्या फोनवरच तेही विचारा.

३. तंबाखू खरेदीचे किमान वय बहुतेक प्रांतांत १८ किंवा १९ आहे, प्रिन्स एडवर्ड बेटावर २१. ओंटारिओत पहिल्या वर्षाला आलेल्या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याला ती विकत मिळणार नाही. विद्यार्थी केंद्रातून पुरचुंडी मागून घ्यावी.

४. शक्यतो प्रत्यक्ष भेटा. पुरचुंडी डाव्या हातात धरा. अनिशिनाबे शिकवणीत तो हात हृदयाजवळचा म्हणून मानाचा आहे. डाव्या हाताने देऊ नये हा आपला संस्कार इथे लागू होत नाही. आधी विनंती पूर्ण बोला: कशासाठी, कधी, किती लोक, किती वेळ. मग पुढे करा. हातात कोंबू नका. समोरून हात आला तरच द्या.

५. तंबाखू हे मानधन नव्हे. मानधन वेगळ्या पाकिटात, कार्यक्रमाच्या दिवशी हातात. कंपनीचा चेक सहा आठवड्यांनी निघतो आणि त्याआधी तीन फॉर्म भरून मागतो, अशी वेळ एल्डरांवर आणू नका. हिशेब विभागाशी महिनाभर आधी बोला. ने-आण, पार्किंग आणि जेवण हेही तुमच्याकडे.

*तपासणी: एल्डर इनुइट किंवा पश्चिम किनाऱ्यावरचे असतील तर तंबाखूची रीत गृहीत धरू नका. तिथे चहा किंवा छोटी भेट योग्य ठरू शकते.*

टप्पा ३: जागा आणि धूर (आयोजकांसाठी)

बंद इमारतीत फजिती होते ती बहुधा अलार्ममुळे. सेजचा धूर पांढरा आणि दाट असतो. छतावरचा स्मोक डिटेक्टर तो मिनिटभरात पकडू शकतो. ओंटारिओच्या २०१७ च्या धूम्रपानविषयक कायद्यात मूलनिवासींच्या पारंपरिक तंबाखू वापराला सूट आहे, पण अशी सूट असली तरी अलार्म यंत्रणेची सोय वेगळी करावी लागते.

१. इमारतीच्या व्यवस्थापनाला किमान ४८ तास आधी लेखी कळवा. त्या खोलीपुरता डिटेक्टर तात्पुरता बंद करण्याचे काम त्यांचे. डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी किंवा टेप लावू नका. ते बेकायदा आहे आणि नंतर काढायचे राहून जाते.

२. डिटेक्टर बंद असेल तितका वेळ एक माणूस पहाऱ्याला ठेवा. संपल्यावर तो पुन्हा चालू झाल्याची खात्री स्वतः करून घ्या.

३. हवा परत खेचणारी छतावरची जाळी बघा. धूर तिच्यातून वरच्या मजल्यावर जातो आणि तक्रार तिथून येते. तेवढा वेळ तिथला वायुप्रवाह थांबवायला सांगा, किंवा उघडणाऱ्या खिडकीची खोली निवडा.

४. दाराबाहेर तारीख, वेळ आणि ‘सेजचा वास दरवळेल’ एवढी सूचना लावा. दमा असलेल्यांना आधीच कळले म्हणजे ते त्या मजल्यावर येत नाहीत.

५. बाहेर करणार असाल तर त्या दिवशी आग पेटवण्यावर बंदी आहे का ते पाहा. प्रेअरीत मे महिन्यात वाळलेल्या गवतामुळे ती अनेकदा असते.

धोका: रुग्णालयात ऑक्सिजन सुरू असलेल्या रुग्णाजवळ काडी ओढू नये. अनेक रुग्णालयांत स्मजिंगसाठी वेगळी हवेशीर खोली असते, परिचारिकेला विचारा.

शाळांसाठी एक गोष्ट पक्की ठेवा: भाग घेणे ऐच्छिक, आणि हे पालकांना आधी कळवलेले. पोर्ट अल्बर्नीतल्या एका शाळेतील स्मजिंगविरुद्धचा दावा ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये फेटाळला. विधी पाहणे आणि त्यात भाग घ्यायला लावणे यांतला फरक तिथे कळीचा होता. मूल नको म्हणत असेल तर त्याला बसायला वेगळी जागा हवी, आणि त्याच्याकडे वळून कुणी पाहायला नको.

टप्पा ४: जाण्याआधी स्वतःची तयारी

दारू आणि गांजा वर्ज्य. किती आधीपासून, हे एल्डर सांगतात. मोठ्या विधींसाठी ४ दिवस ही अपेक्षा अनेक ठिकाणी ऐकायला मिळते. निदान त्या दिवशी आणि आदल्या रात्री तरी पथ्य पाळा. आदल्या रात्री पार्टी झाली असेल तर वर्तुळाबाहेर थांबणे हेच बरे, आणि त्यात कमीपणा नाही.

कपडे साधे, अंग झाकणारे. काही समाजांत स्त्रियांनी लांब घागऱ्यासारखा स्कर्ट घालावा अशी रीत आहे, काहींत नाही, विचारा. नायलॉनची ओढणी आणि मोकळा पदर निखाऱ्याजवळ धोक्याचे. पदर खोचून घ्या. उग्र अत्तर लावू नका.

मासिक पाळीचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. त्याला तिथे ‘मून टाइम’ म्हणतात, आणि काही एल्डर त्या दिवसांत धूर घेऊ नये, वर्तुळाबाहेर बसावे असे सांगतात. मराठी मनात लगेच ‘विटाळ’ हा शब्द येतो. तसे मुळीच नाही. त्या दिवसांत स्त्रीची शक्ती इतकी मोठी असते की तिला वेगळ्या शुद्धीची गरज नसते आणि तिच्या शक्तीचा औषधीवर परिणाम होतो, अशी ती शिकवण आहे. काही समाज हा नियम पाळतच नाहीत. आयोजकांनी एल्डरांची पद्धत विचारून आमंत्रणातच एका ओळीत लिहावी, म्हणजे ऐनवेळी कुणाला जाहीरपणे सांगावे लागत नाही. बाईने फक्त मागे उभे राहायचे. कारण कुणी विचारत नाही, विचारूही नये.

टप्पा ५: शिंपल्यात काय असते

हे काम मदतनिसाचे. क्री भाषेत त्याला ओस्कापेविस म्हणतात. तुम्हाला मदतीला बोलावले तर पुढचे माहीत असावे.

चार मुख्य औषधी: तंबाखू, सेज, स्वीटग्रास, सीडर. नावांच्या भाषांतरात गफलत होते, ती अशी. प्रेअरीतला सेज हा दवण्याच्या कुळातला. जोतिबाला वाहतो त्या दवण्याचा आणि त्याचा वंश एकच, आर्टेमिसिया. दुकानांत जाड जुडी करून विकतात तो पांढरा सेज मात्र वेगळा, तुळशीच्या कुळातला, दक्षिण कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियातच रानात उगवणारा. बाजारातल्या मागणीमुळे तो चोरून, मुळासकट उपटला जातो. तो विकत आणू नका. सीडर म्हणजे आपला देवदार नव्हे. तो थुजा, बागेतल्या मोरपंखीचा नातलग, चपट्या खवलेदार पानांचा. स्वीटग्रास हे सुगंधी गवत, तीन पेडांची वेणी घातलेले.

१. तळाला लाकडी नसलेले ताट किंवा फरशी. त्यावर शिंपला किंवा मातीचे अथवा लोखंडी भांडे, आत दोन-तीन सेंटीमीटर कोरडी वाळू. अबलोनी शिंपल्याच्या कडेला नैसर्गिक भोके असतात. वाळू नसेल तर निखारा त्यातून खाली पडतो आणि शिंपला हाताला चटका देतो.

२. सेजची पाने देठावरून ओरबाडून तळहातांत हलकेच चोळून गोळी करा. पाच-सहा जणांना मोठ्या सुपारीएवढी पुरते, पंधरा-वीस जणांना लिंबाएवढी. फार घट्ट वळली तर हवा न मिळून विझते, सैल राहिली तर भडकते. देठ राहिले तर तडतडतात. अख्खी जुडी पेटवू नका: धूर आवरत नाही आणि आतला निखारा तासभर जिवंत राहतो.

३. लाकडी काडेपेटी वापरा. लायटर अनेक एल्डरांना चालत नाही. गोळीला दोन-तीन बाजूंनी आच लावा, १० ते १५ सेकंद जळू द्या, मग पिसाने किंवा हाताने वारा घालून ज्योत शमवा. विझलेली काडी शिंपल्यातच राहते.

फुंकर नाही. देवापुढचा दिवा फुंकून विझवत नाहीत हे आपल्या घरात लहानपणीच शिकवतात. इथे पेटवतानाही फुंकायचे नाही. श्वासाबरोबर आपल्यातले वाईट औषधीत जाते, असे एल्डर सांगतात. मंदावले तर वारा घाला, विझले तर नवी काडी.

स्वीटग्रास ज्योत धरत नाही, नुसते धुमसते आणि वारंवार पेटवावे लागते. ठिणग्या गळतात म्हणून खाली शिंपला धरा. सीडर चिमूटभरच, निखाऱ्यावर. ते तडतडून उडते.

गरुडाच्या पिसाला हात लावू नका. ते पडले तर उचलूही नका. एल्डर त्याचा वेगळा विधी करतात. अमेरिकेत मूलनिवासी टोळीची नोंदणीकृत सदस्य नसलेल्या व्यक्तीने ते जवळ ठेवणे हा गुन्हा आहे.

टप्पा ६: धूर घेण्याचा क्रम

१. फोन बंद करून बॅगेत. फोटो, व्हिडिओ नाही, ‘फक्त सुरुवातीचा’ही नाही. परवानगी हवी असेल तर ती टप्पा २ मध्येच मागायची.

२. टोपी आणि चष्मा काढा. काही एल्डर धातूचे दागिने काढायला सांगतात. मंगळसूत्राची किंवा कड्याची अडचण असेल तर मदतनिसाला सुरू होण्याआधी हळूच सांगा.

३. वर्तुळात शिरणे, फिरणे, बाहेर पडणे बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेचीच दिशा. दक्षिण ओंटारिओतल्या हॉडेनोशोनी लोकांची वर्तुळे मात्र उलट फिरतात. मदतनिसाच्या मागे चाला.

४. शिंपला समोर आला की आधी हात. नळाखाली धुतो तसे ते धुरात एकमेकांवर फिरवा.

५. ओंजळीत धूर घेऊन डोक्यावरून, मग डोळे, कान, तोंड, हृदय, मग दंडांवरून आणि खाली पायांपर्यंत. चांगले विचार यावेत, चांगले दिसावे, चांगले ऐकू यावे, खरे बोलले जावे, असा त्याचा भाव. काही जण वळून पाठीवरही घेतात. एल्डर वेगळ्या क्रमाने करत असतील तर त्यांचाच क्रम धरा.

६. सगळे मिळून १५ ते २० सेकंद. मान हलवून किंवा त्यांच्या भाषेत आभार: अनिशिनाबेंना ‘मीग्वेच’, क्रींना ‘हाय हाय’.

आरती घेताना हात ज्योतीवर धरतो. इथे निखाऱ्यावर नाही, धुरात धरायचे. धूर नाकाने खोल ओढायचा नाही. शिंपल्यात पैसे, फूल, कापूर काही टाकायचे नाही. मोठ्याने मंत्र म्हणायचा नाही. मनातली प्रार्थना तुमची, तिला कुणाची हरकत नाही. आणि पाया पडायला वाकू नका. आपला तो आदर खराच, पण न विचारता अंगाला स्पर्श होतो आणि समोरची व्यक्ती गोंधळते.

*नको असेल तर: दमा, गर्भारपण, श्रद्धा, काहीही कारण असो. हात छातीशी धरून मान हलवा, शिंपला पुढे जातो. कारण द्यावे लागत नाही. खोकला येतो हे माहीत असेल तर दाराजवळची जागा धरा.*

लहान मुलाला पुढे ढकलू नका. ते तयार असेल तर तुमच्या ओंजळीतला थोडासा धूर त्याच्या डोक्यावरून फिरवा, पुरे.

टप्पा ७: संपल्यावर

धूर फिरून झाला म्हणजे कार्यक्रम संपला असे नाही. त्यानंतर प्रार्थना किंवा बोलणे असते, ते बहुधा लांबते. ऑफिसच्या कॅलेंडरवर ३० मिनिटे राखून मग घड्याळ बघणे हा मोठा अनादर. दीड तास मोकळा ठेवा. जेवण असेल तर पहिले ताट एल्डरांचे, तेही जागेवर नेऊन द्यायचे, रांगेत उभे करायचे नाही.

राख कचऱ्यात किंवा सिंकमध्ये टाकत नाहीत. ती मातीला परत द्यायची: झाडाच्या बुंध्याशी, पायाखाली येणार नाही अशा जागी. गोळीचा गाभा वरून राख दिसली तरी आत तापलेला असतो. शिंपला उघडाच राहू द्या, पाणी ओतू नका, अर्ध्या तासाने तळहात वर धरून ऊब लागते का बघा. हिवाळ्यात जमीन गोठलेली असेल तर राख धातूच्या झाकणाच्या डब्यात घराबाहेर ठेवतात आणि वितळल्यावर मातीत देतात. प्लास्टिकची पिशवी नको.

स्वीटग्रासची वेणी भेट मिळाली तर

देताना एल्डर काही सांगतात, ते तिथेच नीट ऐका. नंतर इंटरनेटवर त्याचे उत्तर मिळत नाही. वेणी कापू नका, विकू नका, वास्तुशांतीच्या किंवा सत्यनारायणाच्या धूपात मिसळू नका. आपल्या देवासाठी ऊद-राळ आहेच. पेटवायला सांगितले असेल तरच पेटवा, नाहीतर नुसती ठेवणेही पुरेसे आहे. सुती कापडात गुंडाळून स्वयंपाकघरापासून आणि बाथरूमपासून दूर ठेवा, कारण दमट जागी तिला बुरशी येते. कोरडी राहिली तर वाळल्या गवताचा आणि व्हॅनिलाचा वास वर्षानुवर्षे टिकतो. ठिसूळ होऊन तुटायला लागली तर तुकडे झाडाखाली मातीत ठेवा, किंवा दिली त्यांच्याकडेच परत न्या, आणि जाताना तंबाखूची पुरचुंडी विसरू नका.